भागोजी तांडेलाला न पटलेला चंद्र

किर्केनेस, नॉर्वे
१८ जून १९८७

सौ. गुणवंतीवहिनींना,
धाकट्या दिराचा नमस्कार. दादालाही सांगा, पण पत्र आधी तुम्ही वाचा. त्याच्या हाती पडलं की तो मोठ्याने वाचत सुटतो आणि सगळ्या आळीला ऐकू जातं.

आमची बोट सध्या जगाच्या पार वरच्या कडेला उभी आहे. नॉर्वे देशाचं हे शेवटचं टोक. इथून पुढे नुसता समुद्र, आणि मग बर्फ. आम्ही लोखंडाची माती भरायला आलोय. ती काळी आहे, मांडवीच्या वाळूसारखी, तेवढंच काय ते ओळखीचं. बाकी सगळं उघडंबोडकं. खडकाच्या टेकड्या, त्यावर शेवाळ आणि माणसाच्या उंचीची बारकी बारकी झाडं. माडाची तर गोष्टच सोडा, आपल्या आळीतला शेवगासुद्धा इथे राजा ठरला असता. जून महिन्यात मी दोन स्वेटर, त्यावर कंपनीचं जाकीट आणि कानाला मफलर गुंडाळून डेक धुतोय. परवा रस्त्यावर हरणांचा कळप आला, आपल्याकडे म्हशी येतात तसा अगदी निवांत. मोटारी थांबल्या, हरणं गेली, कोणी हॉर्न वाजवला नाही.

आणि वहिनी, इथे सूर्य मावळत नाही. चेष्टा नाही. दिवसभर आभाळात गोल गोल फिरतो, घाण्याच्या बैलासारखा. उत्तरेला आला की वाईच खाली वाकतो, समुद्राला लागेल लागेल असं वाटतं, की पुन्हा वर. झोपायचं तर खिडकीला घोंगडी लावायची. गावातली म्हातारी माणसं रात्रीची जेवणं आटोपून बागेच्या कुंपणाला रंग द्यायला बसतात.

याच्या पायी माझी काय गत झाली ती ऐका. तुम्हाला म्हणून सांगतो, मी निघाल्यापासून संकष्टी करतोय. कशासाठी ते तुम्हाला ठाऊक आहे. भागोजीकाकांच्या लेकीबद्दल, तुळसाबद्दल तुम्ही शब्द टाकणार होतात, तो टाकलात का? मी निघालो तेव्हा ती जाळं विणत दारात बसली होती. "जपून" एवढंच म्हणाली. त्या एका शब्दावर मी चार महिने काढलेत. तर नवस असा की तुळसा मिळेपर्यंत संकष्टी मोडायची नाही, आणि चंद्र बघितल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही.

सोमवारी संकष्टी होती. दिवसभर चहावर काढला. रात्र झाली. म्हणजे घड्याळात झाली, बाहेर लख्ख ऊन. मी डेकवर उभा, चंद्राची वाट बघत. चंद्र काही येईना. सूर्य जात नाही म्हणून तो रुसला की काय कोण जाणे. आमचा स्वयंपाकी गोव्याचा आहे. तो म्हणाला, "अरे खुळ्या, रत्नागिरीला उगवला असेल ना? तिथला धर आणि जेव." मी म्हटलं, उपास मी इथे करतोय, रत्नागिरीत नाही. दुसरा दिवसही तसाच. सारंगाने, म्हणजे आमच्या खलाशांच्या मुकादमाने, ओळखलं, पोरगा दोरखंड ओढताना डुलतोय. त्याने मला खाली बसवून रंगाचे ब्रश धुवायला लावले. शेवटी बुधवारी पहाटे (पहाट म्हणायची आपली, ऊन होतंच) दक्षिणेच्या टेकडीवर फिकट, धुऊन वाळत घातलेल्या फडक्यासारखा दिसला एकदाचा. अगदी खाली, टेकडीला टेकून. मी तिथेच हात जोडले आणि थेट भटारखान्यात पळालो. वरणभात कधी एवढा गोड लागला नव्हता.

पुढचं बंदर रॉटरडॅम. पत्ता मागे लिहिलाय. तुळसाचं काय ते लगेच कळवा, आडपडदा नको.

तुमचा,
खंडू

*

रत्नागिरी
४ जुलै १९८७

भावजी,
अनेक आशीर्वाद, आणि कानाला एक चिमटा. तो का, ते पुढे येईलच.

तुमचं पत्र आलं तेव्हा इथे असा पाऊस की पोस्टमन पायरीवर उभा राहून आधी स्वतःला पिळत होता. लाँच पावसाळ्यापुरती किनाऱ्यावर काढलीय, तुमचे दादा घरात बसून बसून मांजरासारखे झालेत. स्वयंपाकघरात येतात, झाकणं उघडतात, जातात. मी म्हटलं, तुम्ही तरी जा त्या नॉर्वेला.

आता कामाचं. शब्द टाकायला मी भागोजी तांडेलांकडे गेलेच. पण नुसतं हात हलवत कशी जाणार? म्हटलं, मुलगा काय काय बघतोय ते कळू दे यांना. तुमचं पत्र घेऊन गेले. तुळसाच्या आईने, येसूबाईने, चहा ठेवला, तुळसा आत दाराआड. मी वाचायला सुरुवात केली. नवसाचा भाग गाळला, काळजी करू नका. येसूबाईने उपास कशाला म्हणून विचारलंन तेव्हा म्हटलं, बोटीच्या सुखरूपपणासाठी. दाराआडून हसू आलं. पोरीला सगळं समजतं.

हरणांपर्यंत भागोजीकाका खुशीत होते. सूर्याच्या गोष्टीला तंबाखू मळायचे थांबले. चंद्रावर आले आणि ताडकन उठलेच. म्हणाले, "गुणवंती, बंद कर ती पोथी. चाळीस वर्सं दर्यात गेली माझी. पुनवेला सूर्य बुडता बुडता चंद्र वर, आणि मग रोजचा वाईच वाईच उशीर. चतुर्थीचा कवा, पंचमीचा कवा, ह्ये मला झोपेत इचार. आनि ह्यो सांगतो चंद्र उगवलाच नाय? मग भरती कोनी आनली तिथं, ह्येच्या बापाने?"

मी म्हटलं, काका, लांबचा देश आहे. तर म्हणाले, "देश लांब, चंद्र त्योच ना? सूर्यचंद्रावर थापा मारनारा मानूस उद्या संसारात काय सांगंल? माझी पोरगी असल्याला नाय देनार." झालं. चहासुद्धा अर्धा राहिला.

आणि भावजी, ऐका. पोफळीहून एक स्थळ आलंय. वीजघरात नोकरी, कॉलनीत पक्की खोली, नळाचं पाणी, दिवसरात्र दिवे. भागोजीकाकांच्या डोळ्यांत तो दिवा आत्ताच पेटलाय. तेव्हा माझं ऐका. एक चिठ्ठी लिहा की काका, ती चेष्टा होती, वहिनीला हसवायला लिहिली. त्यांचा राग असा आहे, कोणी नमतं घेतलं की लगेच विरघळतो. तुमचा चंद्र कुठे पळून जात नाही. मुलगी जाईल.

मला विचाराल तर मलाही तुमचं ते पटलं नाही. पण मी तुमची वहिनी, मी काहीही पटवून घेते.

तुमची,
गुणवंती

*

रॉटरडॅम, हॉलंड
२१ जुलै १९८७

वहिनी,
तुमचं पत्र वाचून आधी इतका संतापलो की सारंगाने विचारलं, घरी सगळे जिवंत आहेत ना? म्हटलं, माणसं आहेत, अब्रू गेली.

मी थापा मारतो? मी? लहानपणी दादाचं सुकत घातलेलं जाळं माझ्या हातून फाटलं तेव्हा न विचारता सांगायला गेलो आणि मार खाल्ला, तो मी. दोन दिवस उपाशी मी राहिलो, चक्कर मला आली, आणि चंद्र कुठे होता हे भागोजीकाका रत्नागिरीत बसून सांगणार!

राग निवळायला मला समुद्र लागला. किर्केनेसहून निघालो तो नॉर्वेचा किनारा डाव्या हाताला धरून. वहिनी, तिथे डोंगर सरळ समुद्रातून उभे राहतात. पायथा म्हणून नाहीच. माथ्यावर बर्फ, कड्यावरून धबधबे, आणि ते थेट खाऱ्या पाण्यात पडतात. मध्येच एवढीशी सपाट जागा असली की तिथे एक लाल रंगाचं घर, एक होडी आणि एक गाय. त्या घरातली माणसं बाजाराला कशी जातात, याचा विचार करत मी अख्खी पाळी काढली. कड्यांवर पक्षी इतके की कडाच हलतोय असं वाटतं. त्यातले एक ठेंगणे, पोट पांढरं, चोच लालपिवळी, कोणीतरी लग्नाला नटवून सोडल्यासारखे.

जसजसे खाली आलो तसतशी रात्र परत यायला लागली. आधी नुसती संध्याकाळ झाली. मग एकदा खरा काळोख पडला आणि एक चांदणी दिसली. सगळे खलाशी डेकवर जमलो. इतके दिवस ऊन खाऊन डोळ्यांना काय बरं वाटलं म्हणून सांगू! गोवेकर स्वयंपाक्याने त्या आनंदात खीर केली.

आणि इथे हॉलंडात बघावं तर डोंगर औषधाला नाही. जमीन ताटासारखी सपाट, आणि समुद्र जमिनीपेक्षा उंच. खरंच उंच. बांध घालून अडवून धरलाय, खाली गाई चरतात आणि वरून बोटी जातात. हे भागोजीकाकांना चुकूनही वाचून दाखवू नका. आता मला खरं काही लिहायचीच चोरी झालीय.

तीन दिवस विचार केला. वहिनी, पोफळीच्या माणसाकडे दिवसरात्र दिवे आहेत. माझ्याकडे एक पेटी, दोन स्वेटर आणि न उगवलेला चंद्र. तुळसा गेली तर मी खरा ठरून काय करू? म्हणून तुमच्या मनासारखं केलंय. सोबत चिठ्ठी आहे. "काका, चंद्राची गोष्ट वहिनीला हसवायला लिहिली होती. राग नसावा. तुमचा खंडू." द्या नेऊन.

इथून खताच्या गोण्या घेऊन आफ्रिकेला, आबिजान नावाच्या बंदरात. पत्ता एजंटचा, मागे आहे.

खंडू

*

रत्नागिरी
१२ ऑगस्ट १९८७

भावजी,
हे पत्र उभ्याने वाचू नका, खाली बसा.

चिठ्ठी मी नारळी पौर्णिमेलाच नेऊन दिली. म्हटलं, सणाचा दिवस, सगळे खुशीत. समुद्राला नारळ देऊन मंडळी परतत होती, भागोजीकाकांच्या डोक्याला नवा फेटा. चिठ्ठी वाचली आणि असे हसले की फेटा सुटला. "बगा, कबूल केलान! पोरगा चेष्टेखोर हाय, खोटा नाय." लगेच हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवलान, तुमच्या दादांच्या पाठीत थाप मारलीन. मी मनात म्हटलं, गुणवंती, जिंकलीस. आता पोफळी बुडाली.

पण आपण सगळे एकीला विसरलो.

तुळसा तिथेच होती. नारळीभाताची परात घेऊन. तिने परात खाली ठेवलीन, बापाच्या हातातून चिठ्ठी घेतलीन, वाचलीन, आणि मला म्हणाली, "वहिनी, म्हंजे त्यो उपाशी पन नव्हता?" मी काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते मलाच आठवत नाही. ती आत गेली ती बाहेर आलीच नाही.

मग येसूबाईने मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. गेला महिनाभर त्या घरात चंद्रावरून भांडण चाललं होतं. बाप म्हणतो थाप, लेक म्हणते खरं. बाप म्हणे तुला कसं ठाऊक, तर म्हणे, उपाशी माणसाला थापा सुचत नाहीत. बाजारात बायका हसल्या, तर त्यांच्याशीही भांडली. "खंडूने बघितलंय म्हंजे हाय," म्हणून सगळ्यांना ठणकावून आली. दोन दिवस बापाशी बोलली नाही ती तुमच्यासाठी. आणि तुम्ही (आणि मी, मी आधी) तिला चारचौघांत वेडी ठरवलंत.

दुसऱ्या दिवशी ती जाळ्याला लावायची भाताची पेज, म्हणजे खळ, आणायला निघाली होती. भांडं हातात होतं. मी वाटेत गाठली. म्हटलं, तुळसा, त्याने तुझ्यासाठीच लिहिलं गं. म्हणाली, "माझ्यासाठी? मग माझ्या बापाला भिऊन खरं गिळलान त्ये कुनासाठी? आज बापाला भितो, उद्या मला भिईल, मग मला खरं कधी कळनार? त्यापेक्षा पोफळीवाला बरा. त्याला बघाया बोलवा."

पोफळीची मंडळी पितृपक्ष संपला की, घट बसल्यावर येणार आहेत. भागोजीकाकांना काहीच कळत नाही. त्यांना आता तुम्ही आवडायला लागलात आणि मुलीला नकोसे झालात. माझंच डोकं फिरलं होतं, भावजी, तुम्हाला तसा सल्ला दिला. आता सल्ला देत नाही. तुम्हाला सुचेल ते करा.

गुणवंती

*

आबिजान
३० ऑगस्ट १९८७

वहिनी,
तुम्ही सांगितलं तसं खाली बसून वाचलं.

तुमच्यावर राग नाही. चिठ्ठी तुम्ही सुचवलीत, पण लिहिली मी. तुळसा बोलली त्यातला एक शब्दही मला खोडता येत नाही.

इथे येताना आफ्रिकेच्या वरच्या अंगाला वाळवंटाची धूळ आमच्या बोटीवर पडली. जमीन दिसत नव्हती, तरी डेकवर बोटाने नाव लिहिता येईल एवढी लालसर धूळ. मी तिचं नाव लिहिलं आणि सारंगाने मला तेच पुसायला लावलं. पुढे हवा ओली झाली, उडणारे मासे डेकवर टपटप पडायला लागले, स्वेटर पेटीत गेले. आणि आबिजानच्या खाडीत शिरलो तर, वहिनी, माड! काठाला कांदळवन, मागे माड आणि त्यामागे लाल माती. आपल्या कातळावरची जांभ्याची असते ना, तीच. किनाऱ्यावर बायका मासळी धुरावर धरतात आणि घमेली डोक्यावर घेऊन अशा भांडतात की एकीत मला येसूबाईच दिसल्या. पाऊस येऊन गेला होता. त्या मातीचा वास आला आणि मला रडू आलं. लपवत नाही, आलं. अख्ख्या जगाचा समुद्र ओलांडून घरासारख्या गावी आलो आणि घर तेवढं हातचं गेलं होतं.

सोबत भागोजीकाकांना पत्र आहे. उघडंच आहे. तुम्ही वाचा, मग त्यांना द्या, आणि तुळसा घरात असेल तेव्हा द्या. पुढचं बंदर मोंबासा.

खंडू

*

(सोबतचे पत्र)

आबिजान
३० ऑगस्ट १९८७

भागोजीकाकांना,
खंडूचा नमस्कार.

मागची चिठ्ठी खोटी आहे. चंद्राची गोष्ट खरी आहे. मी चेष्टा केली नव्हती. तुम्ही रागावलात आणि तुळसा मला मिळणार नाही असं वाटलं, म्हणून भिऊन तसं लिहिलं. तुळसा मला हवी आहे. हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल तर मीच सांगतो.

किर्केनेसला सोमवारी चंद्र उगवला नाही, मंगळवारीही नाही. बुधवारी पहाटे टेकडीला टेकलेला दिसला. तुम्ही विचारलंत की भरती कोणी आणली. काका, भरती येत होती. बोटीचे दोर आम्ही दर पाळीला सैल करत होतो आणि आवळत होतो. म्हणजे चंद्र होता. आपल्या कामावरही होता. फक्त जमिनीच्या खाली राहून काम करत होता, आम्हाला तोंड दाखवत नव्हता. तुमचं चाळीस वर्षांचं गणित चुकत नाही. पण ते रत्नागिरीच्या पाण्यावरचं आहे, आणि मी जिथे होतो तिथला सूर्य पण आपल्यासारखा वागत नाही. हॉलंडात समुद्र जमिनीपेक्षा उंच आहे, हेही आताच सांगून टाकतो. नंतर कानावर आलं तर पुन्हा थाप वाटायची.

तुम्हाला पटलं नाही तर मुलगी देऊ नका. पण मी बघितलं ते बघितलं. आता कोणासाठीही फिरवणार नाही.

खंडू

*

रत्नागिरी
४ ऑक्टोबर १९८७

खंडू,
मी तुळसा. हे पत्र वहिनींनी लिहिलेलं नाही आणि त्यांनी वाचलेलंही नाही. पत्ता मात्र त्यांच्याकडून घेतला. देताना इतक्या हसत होत्या की आकडे दोनदा चुकले.

तुला 'तू' म्हणायचं की 'तुम्ही', ते नंतर बघू. लहानपणी तूच म्हणत होते, आत्ता तेच चालवते.

तुझं पत्र बाबांनी तीनदा वाचलं. मग लाँचवर जाऊन बसले. बोट पाण्यात जायची होती, कामं पडली होती, पण ते नुसते बसले. जेवायला बोलवायला गेले तर म्हणाले, "त्यो समुद्र खरंच उंच आसंल काय गं?" मी म्हटलं, मला काय विचारता, मी कुठे गेलेय? मग पंधरा दिवस तो विषयच नाही. मला वाटलं, पत्र त्यांनी समुद्रात टाकलं.

घट बसले आणि पोफळीची माणसं आली. मुलगा चांगला होता, खोटं कशाला बोलू. शर्टाला इस्त्री, बोलणं हळू. आईने पोहे दिले. तिखट झाले होते, मीच केले होते. डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, फार छान झालेत. बाबांनी ते बघितलं. मग तंबाखू मळत मळत त्याला म्हणाले, "मागच्या पुनवेला चंद्र भर दुपारी उगवला, बगितलात काय?" मला हसू फुटणारच होतं. तो म्हणाला, "हो हो, बघितला ना. आमच्याकडे पण तसंच."

बाबांचा हात तिथेच थांबला. पाहुण्यांना नीट निरोप दिला, नारळ दिला, बसपर्यंत पोचवून आले. घरात आले आणि आईला म्हणाले, "नको. गोड मानूस हाय, पन उद्या बोटीत पानी शिरलं आनि मी म्हटलं शिरलं नाय, तर ह्यो पन म्हनंल शिरलं नाय. दोघं बुडू. त्यो दुसरा हाय ना, त्यो माझ्या तोंडावर सांगंल, काका, पानी शिरलंय." मग थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "पन चंद्राचं मला अजून पटलं नाय." ते त्यांना कधी पटेल असं वाटत नाही. दसऱ्याला सोनं द्यायला तुझ्या दादाकडे गेले आणि तिथेही तेच घेऊन बसले.

आता माझं. तुझ्या त्या चिठ्ठीने मी किती रडले ते तुला सांगणार नव्हते, पण तू आफ्रिकेत रडलास ते लिहिलंस, म्हणून सांगते. खूप रडले. पोफळीवाल्याला बोलवा म्हटलं ते रागाने. तो खरंच आला तेव्हा मी पोह्यांत मूठभर मिरची घातली. बाबा 'हो' म्हणाले असते तर काय केलं असतं मला ठाऊक नाही.

वहिनी म्हणतात, लग्न ठरलं की तू कंपनीची बोट सोडून दादाच्या लाँचवर येशील. तुला यायचं असेल तर ये. पण माझ्यासाठी म्हणून येऊ नकोस. तू बाहेर जा, बघ, आणि येऊन मला सांग. मला सगळं ऐकायचंय, ते नटलेले पक्षी, कड्याखालचं ते लाल घर, आफ्रिकेतल्या भांडणाऱ्या बायका. न पटलं तर मी भांडेन. मी भांडले म्हणून फिरवायचं नाही, एवढंच माझं मागणं आहे.

बाबा म्हणतात, तुळशीचं लग्न झालं की मार्गशीर्षात करून टाकू. आईने लुगडी बघायला घेतलीत, वहिनींनी वरमाईचा तोरा आत्तापासूनच लावलाय. सगळ्यांनी सगळं ठरवलं. मी म्हटलं, थांबा. त्याने सगळं तुम्हाला लिहिलं, वहिनींना लिहिलं, समुद्रालासुद्धा सांगितलं असेल. मला कोणी विचारलं नाही आणि त्यालाही माझ्याकडून कोणी विचारलं नाही.

म्हणून मीच विचारते. तुला माझ्याशी लग्न करायचंय का? बाबांचा विचार करू नकोस, वहिनींना विचारू नकोस. खरं असेल ते लिही.

तुळसा